पडद्यावर चार्ली, पडद्यापाशी ढोलकी



दर वेळी मी तुमच्यापुढे हुमणीचा, ठिबकचा, नाही तर माती परीक्षणाचा पाढा वाचतो. आज तो बाजूला ठेवतो. यात्रांचा हंगाम जवळ आला की गावोगाव कमिट्या बसतात, वर्गणीच्या वह्या निघतात आणि करमणुकीला काय आणायचे यावर देवळाच्या पारावर भांडणे होतात. आमच्या तालुक्यातल्या एका गावात २०२५ च्या चैत्रात त्या भांडणातून जे निघाले, ते तुम्हाला सांगण्यासारखे आहे.

पण त्याआधी थोडे मागचे. तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना तंबूतला सिनेमा आठवत असेल. ट्रकमध्येच बसवलेले यंत्र, भोवती कनात, वर उघडे नाही तर ठिगळ लावलेले कापड आणि संध्याकाळपासून बोंब मारणारा कर्णा. बाया दोरीच्या एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या. खाली बसायला आई घरून पोते घेऊन येई. यंत्रात दोन कोळशाच्या कांड्या समोरासमोर जाळीत, त्यांचा झळझळीत उजेड फितीतून पडद्यावर जाई. सेकंदाला चोवीस चित्रे पुढे सरकत. हजार फूट फीत संपायला जेमतेम अकरा मिनिटे लागत, म्हणून मोठ्या चकरीवर दोन हजार फूट गुंडाळले तरी वीस-बावीस मिनिटांनी ती बदलावीच लागे. शहरातल्या थिएटरात दोन यंत्रे असत, एक संपले की दुसरे सुरू. तंबूवाल्याकडे एकच. मग पडदा पांढरा पडे आणि लोक शिट्ट्या मारीत.

मी 'सोंगाड्या' असाच पाहिला. सिनेमा १९७१ चा, माझ्या गावच्या यात्रेत आला तो १९८० साली. मी अकरा वर्षांचा होतो. दादा कोंडके आणि उषा चव्हाण, कथा वसंत सबनीसांची, संगीत राम कदमांचे. भोळा नाम्या, त्याची करारी आई आणि तमाशातली कलावती. लोक हसून हसून पोट धरीत होते. आणि रीळ बदलताना पडदा पांढरा पडला की पलीकडच्या रानात लागलेल्या तमाशाच्या फडातली ढोलकी कनातीतून आत शिरे. तंबूतले लोक त्या तालावर मान हलवीत बसत. पुन्हा रीळ सुरू झाले की ढोलकी बुडून जाई. ती ढोलकी सिनेमातलीच आहे असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. पुढे पुण्यात शेतकी महाविद्यालयात असताना तोच सिनेमा थिएटरात पाहिला, तेव्हा काहीतरी हरवल्यासारखे वाटले. काय ते लगेच कळलेही नाही.

पुढचे तुम्ही जाणताच. घरात टीव्ही आला, मग भाड्याने व्हिडिओ, मग खिशात मोबाइल. फितीवर सिनेमे छापणेच बंद झाले आणि तंबूवाल्यांची यंत्रे गंजत पडली. आपल्या महाराष्ट्रातल्याच तंबूवाल्यांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट झाला, तो २०१६ साली फ्रान्समध्ये कान इथल्या महोत्सवात दाखवला. परदेशात लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. आपल्या यात्रेत तोवर डीजे आला होता.

तर आता त्या गावाचे. आदल्या वर्षी यात्रेत डीजे लावला होता. छाती धडधडेल असा आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीजवळच्या गोठ्यांतल्या गाईंनी दूध चोरले. दचकलेल्या जनावराला पान्हा सुटत नाही, हे तुम्हाला माझ्याकडून शिकायला नको. डेअरीवर माप कमी भरले, तेव्हा बायकांनी कमिटीच्या पोरांना चांगलेच फैलावर घेतले. या वर्षी डीजेची सुपारी पस्तीस हजारांवर गेली होती. कमिटीचा अध्यक्ष तिशीतला, ट्रॅक्टर चालवणारा, मनाने चांगला पोरगा. मी ऊसरोपांच्या कामासाठी गेलो होतो, तर मलाच म्हणाला, ''सायेब, तुमीच सांगा काय आणायचं.''

माझ्या तोंडातून निघून गेले, ''सोंगाड्या दाखवा. आणि रीळ बदलायच्या वेळेला ढोलकी.''

पोरे हसली. आता रीळ कुठे राहिले? पण कल्पना त्यांना आवडली. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडायला बसलो आणि पहिलीच ठेच लागली. सिनेमाचा हक्क आपल्या कायद्याने प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९७१ च्या सिनेमाचा हक्क २०३१ च्या अखेरीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे. मालकाला विचारल्याशिवाय तो चौकात दाखवायचा नाही. तुमच्या शेतातला ऊस कुणी न विचारता तोडून नेला तर चालेल का? तसेच हे. विचारायला वेळ नव्हता, यात्रा वीस दिवसांवर आली होती.

मग शाळेच्या बाईंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, ''सर, मुका सिनेमा चालेल का? चार्ली चॅप्लिनचा?''

मी टाळीच वाजवली. 'द गोल्ड रश' हा त्याचा सिनेमा १९२५ चा, म्हणजे बरोबर शंभर वर्षांचा. साठ वर्षे केव्हाच उलटली. दीड तासाचा आहे आणि मुका, त्यामुळे भाषेची अडचण नाही. तुम्हीही असे काही करणार असाल तर एक लक्षात ठेवा. जुन्या सिनेमाला नंतर कुणी नवे संगीत किंवा निवेदन जोडलेले असते आणि त्याचा हक्क निराळा असतो. स्वतः चॅप्लिननेच १९४२ साली या सिनेमाला आवाज घालून तो पुन्हा काढला होता. आपण १९२५ चीच मुकी प्रत घ्यायची, आणि तिच्यावर काही संगीत चढवलेले असले तर आवाज सरळ बंद करायचा.

आणि आवाज बंद केला की गावच्या वाजंत्र्यांना जागा होते. हे काही नवे नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा सिनेमा मुकाच होता. अशा सिनेमांना पडद्यापाशी पेटी-तबला घेऊन माणसे बसत आणि चित्र पाहून वाजवीत. १९३१ साली बोलपट आले आणि ती माणसे उठून गेली.

गावात ढोलकीवाले एक नाना होते. तीस वर्षे फडात वाजवलेले. २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम कोरोनाने गेले, तमाशाच्या राहुट्या उभ्याच राहिल्या नाहीत. नाना गावी परतले ते परत गेले नाहीत. एक एकर कोरडवाहू, त्यात बाजरी, आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या रानात रोजगार. ढोलकी आढ्याला पिशवीत टांगलेली. मी आणि अध्यक्ष त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले आणि म्हणाले, ''पैसं काय द्यायचं ते तुमी ठरवा. माझी एकच अट हाय. वाजवून झाल्यावर आमी पंगतीत बसून जेवणार. मागल्या दारी पत्रावळ नगं.''

वाचकहो, नानांनी हे आवाज न चढवता सांगितले. हलगी, ढोलकी, सनई आपल्या लग्नाला लागते, देवाच्या पालखीपुढे लागते, बैलपोळ्याला लागते. वाजवणारा जेवायला कुठे बसतो हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. मी कितीतरी गावांत जेवलो आहे आणि कितीदा पाहूनही बोललो नाही, हेही इथे लिहून टाकतो.

कमिटीत गोष्ट निघाली तेव्हा कुणी विरोध केला नाही, कुणी होही म्हणाले नाही. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ''नाना, आता असलं कोण पाळतंय?'' नाना म्हणाले, ''पाळत न्हाई तर सोपंच झालं की, आण्णा.'' त्यावर बोलण्यासारखे कुणाकडे काही उरले नाही. अध्यक्षाने वहीत लिहिले : कलावंत पाच, मानधन प्रत्येकी तीन हजार, जेवण पंगतीत.

पाच कलावंत असे : ढोलकीवर नाना, हलगीवर दोघे भाऊ, तुणतुण्याला एक गोंधळी आणि झांजेला नानांचा नातू, नववीतला. बाईंनी शाळेत संगणकावर त्यांना सिनेमा दाखवला. मला धाकधूक होती, शंभर वर्षांमागचा परदेशी माणूस यांना कितपत भावेल? पाच मिनिटे झाली नाहीत तोच नाना म्हणाले, ''आवं, ह्यो तर सोंगाड्या हाय!''

किती बरोबर बोलले पाहा. आपल्या तमाशात गण झाला, गौळण झाली, बतावणी झाली की वग लागतो. वगात राजा असतो, प्रधान असतो आणि त्यांच्यामध्ये सोंगाड्या. राजा मोठ्या गोष्टी बोलतो, सोंगाड्या भाकरीची गोष्ट काढतो आणि लोक सोंगाड्याच्या बाजूने हसतात. चार्लीही तसाच. ढगळ विजार, अखूड कोट, फाटके बूट, आणि ऐट मात्र सरदाराची. त्याच्या बालपणाचा काही काळ लंडनमध्ये निराधार गरिबांच्या आश्रयगृहात गेला, आई आजारी, घरात अन्न नाही. उपासाची थट्टा तोच करू जाणे. १९३१ साली महात्मा गांधी लंडनला गेले तेव्हा हा त्यांना मुद्दाम जाऊन भेटला आणि यंत्रांना तुमचा विरोध का, असे त्याने विचारले होते.

तालमी चार झाल्या. नानांनी सिनेमाचे तुकडे पाडले, वगाचे पाडतात तसे. कुठे ढोलकी, कुठे नुसते तुणतुणे, कुठे कुणीच वाजवायचे नाही. शेवटचे त्यांनी फार जपून ठरवले. ''सगळीकडं वाजवलं तर हसू यायचं न्हाई,'' म्हणाले. इंग्रजी पाट्या आल्या की बाईंनी त्या आपल्या बोलीत मोठ्याने सांगायच्या, असेही ठरले.

आता अडचण विजेची. त्या आठवड्यात शेतीपंपांना थ्री फेज रात्रीची होती. उन्हाळी भुईमूग फुलावर, उसाला पाणी हवे. तुम्ही म्हणाल ऑटो लावले की मोटार आपोआप चालू होते. होते, पण दारे ऑटोने धरता येत नाहीत! शेवटी पोरांनी सावड केली. शेजारशेजारच्या दोन रानांना मिळून एक माणूस, आणि मध्यावर बदली. एकाने बूट खाईपर्यंतचा सिनेमा पाहिला, दुसऱ्याने तिथून पुढचा. ते दोघे अजून एकमेकांना अर्धा अर्धा सिनेमा सांगत असतात.

कायद्याचेही सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा किंवा वाद्य वाजवायला बंदी आहे. वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. आपली यात्रा त्या दिवसांत बसते का, ते तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्या. आम्हाला त्या एका रात्रीची परवानगी मिळाली. तिकीट लावले नाही.

रात्री साडेनऊला पालखी देवळात टेकली. शाळेच्या भिंतीपुढे पांढऱ्या मांजरपाटाचे तीन पन्हे शिवून पडदा ताणला होता, चारी बाजूंना काळी किनार. प्रोजेक्टर शाळेचाच. पडद्याच्या डाव्या अंगाला सतरंजीवर कलावंत. हलगीवाल्यांना शेकायला विस्तव हवा होता, नाही तर कातडे सैल पडते. त्यांनी जवळच्या फडातले मूठभर पाचट आणले आणि माझ्याकडे पाहिले. गेली पंचवीस वर्षे मी पाचट जाळू नका म्हणून गावोगाव ओरडतो आहे. त्या रात्री मी तोंड दुसरीकडे केले.

सुरुवातीला बर्फाच्या डोंगरावर सोने शोधायला निघालेल्या माणसांची रांग दिसते, मुंग्यांसारखी. तुणतुणे एकटेच वाजू लागले. पुढे बसलेली पोरे गप्प झाली. हे सोन्याचे वेड खरोखरीच घडले होते. १८९६ नंतर कॅनडाच्या क्लोंडाइक भागात हजारो माणसे अशीच गेली, बरीचशी रिकाम्या हाताने परतली. कुणीतरी मागून म्हणाले, ''आपलं कांद्याचं तसंच.'' पहिला हशा त्याला पिकला, चार्लीला नव्हे.

मग ती झोपडी, बाहेर वादळ, आत चार्ली आणि एक आडदांड माणूस, दोघे उपाशी. शेवटी चार्ली आपला एक बूट शिजवतो. शिजला का म्हणून टोचून पाहतो, वर रस्सा घालतो, ताटलीत वाढतो. वरचे कातडे पाहुण्याला, तळवा स्वतःला. खिळे हाडकांसारखे चोखतो, नाड्या शेवयांसारख्या गुंडाळतो. नाना इथे वाजवत नव्हते. सगळ्या चौकात फक्त हसणे. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, ''बाहात्तरच्या दुष्काळात आमी बरबडा खाल्ला हुता, बाबा.'' आणि पदर तोंडाला लावून पुन्हा हसू लागली. चॅप्लिनलाही ही थट्टा खऱ्या दुःखावरून सुचली. १८४६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत डोंगरात बर्फात अडकलेल्या बिऱ्हाडांची हकिगत त्याने वाचली होती. त्या लोकांनी कातडी उकडून खाल्ली होती.

भुकेल्या साथीदाराला चार्ली एकाएकी मोठी कोंबडी दिसू लागतो आणि तो त्याच्या पाठीमागे लागतो, तेव्हा दोन्ही हलग्या सुटल्या. पोरे उभी राहून नाचायला लागली. बायकांच्या अंगाने असे हसू येत होते की बाईंना दोन पाट्या सांगताच आल्या नाहीत.

मध्ये वारा सुटला. पडदा शिडासारखा फुगला आणि प्रोजेक्टरची वायर निघाली. अंधार. मी घाबरलो, लोक उठणार. पण नाना थांबले नाहीत. त्यांनी ढोलकीवर असा काही तुकडा धरला की सात-आठ मिनिटे कुणी जागचे हलले नाही. ढोलकी अंधारात, पडदा काळा. वाचकहो, मला १९८० सालचा तंबू दिसला.

वीज जोडली तेव्हा नेमका पावांचा नाच लागला. चार्लीने चार माणसांना जेवायला बोलावलेले असते, कुणी येत नाही. त्याला डुलकी लागते आणि स्वप्नात तो दोन काट्यांना दोन पाव टोचून त्यांचे पाय करून टेबलावर नाचवतो. नानांनी त्या पावांच्या पायांना लावणीची ढोलकी दिली, अगदी हळू, बोटांच्या टोकांनी. पाव डावीकडे वळला की थाप डावीकडे. शंभर वर्षांपूर्वी त्याने कुठला ताल मनात धरला होता कोण जाणे, पण पावलाला पाऊल बसत होते. नाच संपला आणि चार्ली जागा झाला, रिकाम्या खुर्च्या तशाच. नाना एकदम थांबले. कुणी हसले नाही.

शेवटी झोपडी कड्याच्या टोकावर झुलते त्या वेळी काय झाले ते लिहून सांगता येणार नाही. वाऱ्याने पडदा हलत होता, त्यामुळे झोपडी मूळ सिनेमापेक्षा जास्तच हलली.

साडेअकराला संपले. खर्च वीस हजारांच्या आत बसला, मांजरपाट पुढच्या वर्षाला शिल्लक. दुसऱ्या दिवशी डेअरीवर माप पुरे भरले, हे मी मुद्दाम विचारून घेतले.

चुली अजून तापलेल्या होत्या. देवळाच्या पटांगणात पंगत बसली. लापशी, आमटी, भात. कलावंत पाच जण हात धुऊन आले आणि क्षणभर उभेच राहिले. मग नाना पहिल्या ओळीत, मधल्या पाटावर जाऊन बसले. त्यांच्या एका बाजूला नातू. दुसऱ्या बाजूचा पाट थोडा वेळ रिकामा होता. 'कोण पाळतंय' म्हणणारे आण्णा आले, गुडघ्याला हात देत सावकाश त्या पाटावर टेकले आणि वाढणाऱ्याला म्हणाले, ''आधी नानाला आमटी वाढ.'' अध्यक्ष स्वतः बादली घेऊन फिरत होता.

मी समोरच्या ओळीत होतो. नानांनी मला विचारले, ''सायेब, पर त्यो बूट खरंच खाल्ला आसंल का वो त्यानं?''

मी म्हणालो, ''खाल्ला, पण तो कातड्याचा नव्हता. ज्येष्ठमधाचा करून घेतला होता.''

नानांचा घास हातातच राहिला. तीस वर्षे फडात गाणाऱ्यांना ज्येष्ठमध चघळताना त्यांनी पाहिले होते. आण्णांकडे वळून म्हणाले, ''म्हंजे गळ्याला बरंच की!''